सूत किती घेऊ

बातमी आली ती नळाच्या दिवशी.
पाचव्या दिवशी पाणी, बोळभर पाइप, घागरी,
आणि त्यातनं उड्या मारत यल्लेश,
"शेठनं टीम विकायला काढली की बे!"
कुणी तोटी बंद केली नाही. पाणी ते पाणी.
पण माझी घागर भरून वाहत राहिली
आणि सत्यव्वानं हाक मारेस्तोवर
मी तिथंच, ओल्या पावलांनी.

कागदावर टीमचं नाव लांबलचक,
पुढं शेठच्या टॉवेलचा छाप.
आम्ही नुसतं धोटे म्हणतो.
निळ्या बनियनवर आडवा धोटा,
इकडून तिकडं, तिकडून इकडं,
माग सोडून कुठं न जाणारा.
अकरा वर्षांत एकच फायनल,
ती पण दोन पॉइंटनी गेली.
ते दोन पॉइंट सत्यव्वाच्या वहीत अजून उधार आहेत.
विडी वळता वळता, सुपातून मान वर न काढता म्हणते,
"तो फाऊल नव्हताच."

मागच्या मंगळवारी पुण्याची माणसं आली.
खुर्च्या मोजल्या. छताकडं बघितलं, तिथं कबुतरं.
विचारलं, एसी नाही? पार्किंग एवढंच?
मॅनेजरनं कडक भाकरी, शेंगाची चटणी पुढं केली.
एकानं चटणी चाखली, पाणी मागितलं,
छान आहे म्हणाला.
चटणी, की हॉल, की आम्ही,
ते कळलं नाही.

"टीम इथंच राहणार," शेठ पेपरात म्हणाले.
हे वाक्य आमच्या घरात आधी येऊन गेलंय.
गिरणीतनं पहिला माग निघाला तेव्हा
बाबांना सांगितलं होतं, दुरुस्तीला नेतोय.
बाबा वर्षभर डबा घेऊन फाटकापर्यंत जायचे,
दुरुस्ती झाली का बघायला.

यल्लेश म्हणतो, पुणं काय, चार तासांवर.
सकाळच्या हुतात्मानं जाऊ, रात्री परत.
ह्या बोळातली किती पोरं त्याच गाडीनं गेली.
येतात ती गड्ड्याच्या जत्रेला,
दोन दिवस, बाटलीतलं पाणी पीत.
टीम काय माहेरपणाला येणार?

आणि मल्लिनाथ. मंद्रूपचा, सहा फूट पाच,
प्रत्येक दारातनं वाकून येणारा.
तीन महिने त्याला पगार नाही.
टीम गेली तर त्याच्या आईचं ऑपरेशन होईल.
हे मला माहिती आहे.
रविवारी त्यानं लांबून बॉल टाकला,
मी टाळ्या वाजवल्या
आणि मनात म्हटलं, जाऊ नको.
कुणाच्या आईच्या दुखण्यापेक्षा
माझा रविवार मोठा कधीपासनं झाला?
उत्तर नाही.
पुढच्या मॅचचं तिकीट मात्र काढलंय.

काल सुताच्या दुकानापुढं नरसय्या बोद्दुल भेटले.
रिंगची जाळी तेच विणतात, पहिल्या मॅचपासून,
हंगामाला एक जोडी, पैसे न घेता.
बॉल आत गेला की होतो तो आवाज,
फस्स्,
तो नायलॉनला येत नाही म्हणतात.
डोळ्यावर मोतीबिंदू, मॅच त्यांना दिसत नाही आता,
तो आवाज ऐकायला पहिल्या पायरीवर बसतात.
जुनी जाळी झिजली. नवी विणायची वेळ.
पिशवी काखेत धरून त्यांनी मला विचारलं,
जसं काही शेठ रोज माझा सल्ला घेऊन झोपतात,
"अम्मा, सूत किती घेऊ?
एका हंगामाचं, का..."

मी टॉवेलच्या कडा मारणारी बाई.
कड मारली नाही तर कापड उसवतं,
मला कळतं ते एवढंच.
म्हटलं, डबल घ्या.
दुकानदार म्हणाला, एवढं कशाला? पैसे कोण देणार?
नरसय्यांनी बनियनच्या आतल्या खिशात हात घातला.
मी वीस काढले. सत्यव्वाचे दहा होते माझ्याकडं, तेही ठेवले.
तो कुरकुरत अजून एक लडी टाकायला उठला.
काटा हलत होता.